त्रेचाळीस नोंदी, सगळ्या माझ्याच लॅपटॉपात

मला आधी एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तर कोणावर? ज्याच्याकडून सत्तावीस वर्षं चादरी छापून घेतल्या त्या कारागिरावर, की आपल्या स्क्रीनवर ठळक अक्षरांत दिसतंय त्याच्यावर? थांबा, घाईनं उत्तर देऊ नका. मी घाईनं दिलं होतं. माझ्या हातून जी काशी झाली तीच सांगायला बसलोय, आणि सांगता सांगता माझा पारा चढला तर सांभाळून घ्या. तो अजून पुरता उतरलेला नाही.

माझं दुकान फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. भेरूगढच्या छापाच्या चादरी, पलंगपोस, दुपट्टे. वडील रेल्वेत कारकून. त्यांना वाटायचं, पोरगाही कुठेतरी खुर्चीत बसेल. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गचकलो आणि सायकलच्या कॅरियरला चादरी बांधून कॉलन्या पालथ्या घालायला लागलो. पुढे जे शिकलो ते स्वतःच शिकलो. सूत बोटानं ओळखायला, बाहेरच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत मेल लिहायला, जीएसटीचा फॉर्म भरायला. कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. लहानपणापासून फिरतं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

भेरूगढचे युसुफभाई माझे छपाईवाले. आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती आधी ऐकून ठेवा. नक्षी कोरलेले सागवानी ठप्पे व्यापाऱ्याचे, पण राहतात ते कारागिराच्या फळीवर. व्यापाऱ्यानं ते परत मागितले, किंवा कारागिरानं परत काढून दिले, की समजायचं संबंध संपला. त्याला वकील लागत नाही, भांडण लागत नाही. माझे दोनशेच्या वर ठप्पे युसुफभाईंच्या फळीवर सत्तावीस वर्षं बसलेले. काहींना तर रंग पिऊन पिऊन असा काळेपणा आलाय की नवा माणूस नक्षी ओळखू शकणार नाही.

पूर्वी ऑर्डर फोनवर सांगायचो. मग व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायला लागलो. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं पाच वेळा मन बदललं, मी पाच निरोप पाठवले आणि युसुफभाईंनी नेमका तिसरा ऐकून माल छापला. तेव्हा माझी भाची मुक्ता मध्ये पडली. बहिणीची मुलगी, इंदूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे.

"मामा, आमच्याकडे शंभर जण एकाच कामावर लिहितात, तरी गोंधळ होत नाही," ती म्हणाली. "कोणी काय बदललं, कधी, कशासाठी, सगळ्याची नोंद राहते. तुझ्या ऑर्डरी तशाच ठेवू. तू दुकानातून लिही, नसीम कारखान्यात वाचेल."

नसीम म्हणजे युसुफभाईंची धाकटी. बी.एससी. करते आणि कारखान्याचा लॅपटॉप तीच बघते.

पद्धत सोपी होती. ऑर्डरीची एक फाइल. साइज, नग, कोणता ठप्पा, कोणता रंग. काही बदललं की कारण एका ओळीत लिहायचं आणि 'कमिट'चं बटण दाबायचं. मग 'पुश'चं. जी मुख्य फांदी होती, म्हणजे फाइलची सगळ्यांनी मानायची प्रत, तिला आम्ही आपलं 'पक्का' असं नाव दिलं. युसुफभाईंना हे फार आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे कायदाच करून टाकला. "अब फोन पे कोई बात नहीं, भाऊ. जो पक्के में लिखा है, वही छपेगा. आप भी आज़ाद, हम भी आज़ाद."

निघताना मुक्तानं बजावलं, "मामा, तुम्ही दोघंच तर आहात. सरळ पक्क्यातच लिहीत जा आणि रोज संध्याकाळी पुश कर. उगाच फांद्या काढत बसू नकोस."

आता तुम्हीच सांगा, मला कुणी 'करू नकोस' म्हटल्यावर मी काय केलं असेल?

मी व्हिडिओ बघायला बसलो. एक दाढीवाला गृहस्थ, पाठीमागे निळे दिवे, हातात कॉफी. तो म्हणाला, मुख्य फांदीवर थेट लिहिणं हे अडाण्याचं काम. प्रत्येक कामाला वेगळी फांदी काढा, तिथे मनासारखी खाडाखोड करा, आणि सगळं ठरलं की मुख्य फांदीत मिसळा. आणि दुसरी गंमत म्हणाला, याला इंटरनेट लागत नाही. विमानात बसा, डोंगरावर जा, कमिट करत राहा.

मला इतका राग आला. त्याचा नव्हे, मुक्ताचा. एवढी मोठी सोय आणि ही मामापासून लपवते? मामा अडाणी आहे म्हणून?

शिवाय हे फांदीचं तंत्र मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. व्यापाऱ्याच्या पोटातच असतं ते. कच्ची वही आणि पक्की वही. गिऱ्हाईक बोलतंय तोवर सगळं कच्च्यात. ठरलं की पक्क्यात चढवायचं. आणि कच्ची वही गादीखाली राहते. ती गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत, कारागिराला दाखवत नाहीत, भागीदारालासुद्धा नाही. तिथे माणूस मनातलं लिहितो. कुणाला सांभाळून घ्यायचं, कोण उशीर करतो, कोणाची जीभ लांब, सगळं.

मी 'कच्चा' नावाची फांदी काढली. त्याच दिवशी भोपाळच्या एका बाईंची ऑर्डर आली.

बाई मराठीच, गेस्ट हाउस काढत होत्या. एकशेवीस चादरी. निळी जमीन, म्हणजे मधला पायाचा रंग, आणि काळी वेलाची किनार. मुक्ता तेव्हा पुन्हा इंदूरहून दुकानात आली होती, तिनं स्वतः ही ऑर्डर पक्क्यात लिहून पुश करून दाखवली. छपाई कोणत्या सोमवारी सुरू करायची तेही लिहिलं. ती गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंचे फोन सुरू झाले.

उशांचे अभ्रे जोडा. अभ्रे नकोत. वेल जरा मोठा घ्या. नाही, लहानच बरा. चादर चार इंच लांब करा. आणि मग बाईंच्या सासूबाईंनी फोन हातात घेतला. "नव्या वास्तूत काळा रंग? तुम्ही मराठी आहात ना हो? तुमच्याकडे वास्तुशांतीला काळं नेसतात का?" झालं. काळा बंद. किनार लाल, वेलाऐवजी कैरी.

प्रत्येक बदल मी कच्च्यात लिहिला, कारण लिहिलं, कमिट केलं. बँकेच्या रांगेत केलं. मेहुण्याकडच्या मुंजीत, पंगत बसायची होती तोवर केलं. दुकानातलं वायफाय तर मी बंदच करून टाकलं होतं, कारण ते चालू असलं की लॅपटॉप स्वतःच स्वतःला दुरुस्त करत बसायचा. नेटची गरज काय? दाढीवाल्यानं सांगितलं होतं ना.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक बाण होता आणि बाणाजवळ एक आकडा. तो रोज वाढत होता. बारा, एकोणीस, सत्तावीस. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ते मला गुण देतंय. इतकी कामं व्यवस्थित नोंदवली म्हणून. हसू नका. त्या बाणावर दोन शब्द नीट लिहायला काय जात होतं त्यांच्या बापाचं?

शेवटी मी स्वतः भोपाळला गेलो, सासूबाईंना नमुना दाखवला, त्यांनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये आष्ट्याच्या पुढे मांडीवर लॅपटॉप उघडला आणि 'कच्चा' मधलं सगळं 'पक्का' मध्ये मर्ज केलं, म्हणजे मिसळून टाकलं. हिरवी खूण आली. पक्का उघडून बघितला. किनार लाल, ठप्पा कैरी, काळा कुठेही नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलं. बॅग बंद केली आणि सोनकच्छपर्यंत झोपलो.

मुक्तानं लिहिलेला छपाईचा सोमवार आला, तरी जाऊन बघावं असं मला काही वाटलं नाही. दोन दिवस मध्ये गेले, मग बुधवारी सकाळी सहज म्हणून स्कूटर काढून भेरूगढला गेलो, की चला, लाल किनार कशी उतरतेय बघू. वळणावरूनच नदीकाठी माझा माल वाळत पडलेला दिसला. ओळीनं एकशेवीस चादरी. निळ्या. आणि प्रत्येकीला काळी वेलाची किनार.

तो काळा म्हणजे लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेला. कापड फाटेल, पण तो जाणार नाही.

युसुफभाई दारातच हात पुसत उभे होते. मोठ्या समाधानानं म्हणाले, "देखो भाऊ, काला कैसा बैठा है."

"काळा बसलाय?" मी म्हणालो. "काळा छापायला सांगितलं कुणी?"

"पक्के में लिखा है."

"पक्क्यात लाल लिहिलंय."

"काला लिखा है, भाऊ. बिटिया ने तीन बार पढ़ के सुनाया."

मी लॅपटॉप काढला. हा बघा पक्का, हा बघा लाल. नसीमनं तिचा लॅपटॉप आणला. ये देखिए पक्का, ये देखिए काला. दोन्हीकडे तेच नाव, तीच फाइल, आणि एक लाल, एक काळा. कारखान्यातली माणसं हातातले ठप्पे ठेवून बघत उभी राहिली.

आता वही एकच असते, असं डोक्यात पक्कं बसलेल्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. कुणीतरी वहीत हात घातलाय.

मी नसीमकडे वळलो. "तू बदललंस हे."

"अंकल, मैं तो सिर्फ पढ़ती हूँ."

"मग काय लाल आपोआप काळा झाला? चुकून कुठलं बटण दाबलं असशील आणि आता झाकतेस."

हे मी वीस माणसांसमोर म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. पोरीचा चेहरा पडला. लॅपटॉप मिटून छातीशी धरून उभी राहिली.

युसुफभाई पुढे आले. "भाऊ, माल के लिए जो बोलना है मुझे बोलो. बिटिया पे इल्ज़ाम मत लगाओ."

"इल्ज़ाम नाही, समोर दिसतंय."

"अच्छा."

बस, एवढंच. ते आत गेले आणि फळीवरून माझे ठप्पे काढायला लागले. एकेक ठप्पा फडक्यानं पुसायचे आणि पोत्यात ठेवायचे. आपटायचे नाहीत, हळूच ठेवायचे. मला अजून आठवतं ते. आपटले असते तर बरं झालं असतं. मीही इतका तापलो होतो की थांबा म्हणालो नाही. उलट बाहेर जाऊन लोडिंग रिक्षा बोलावली. सात पोती. सत्तावीस वर्षं सात पोत्यांत भरून मी फ्रीगंजला आणली आणि दुकानाच्या दारात उतरवली.

आणि लगेच मुक्ताला फोन लावला. का माहीत आहे? चोर पकडायला. माझ्या भाचीला सांगून मला त्या पोरीची चोरी सिद्ध करायची होती. दहा दिवसांवर गेस्ट हाउसचं उद्घाटन, हातात चुकीच्या एकशेवीस चादरी, छापणारा माणूस गेलेला, आणि मी पुरावा शोधतोय.

"मुक्ता, मला नाव पाहिजे. काळा कुणी केला, कधी केला. तूच म्हणाली होतीस सगळं निघतं."

"निघतं ना. थांब, बघते." टकटक वाजलं. "मामा, नसीमच्या नावावर आजपर्यंत एकही नोंद नाही. ती फक्त वाचते. शेवटची नोंद माझी आहे, तीन आठवड्यांपूर्वीची. त्यानंतर कोणीच काही लिहिलेलं नाही."

"कोणीच नाही? अगं मी रोज लिहितोय. मुंजीतसुद्धा लिहिलं."

"कुठे लिहिलंस?"

"कच्च्यात. मग पक्क्यात चढवलं."

"कच्चा कोण?"

सांगितलं तिला. फांदी, दाढीवाला, आष्टा, हिरवी खूण.  

"मामा, वर कोपऱ्यात बाण आहे बघ. त्याच्यापुढे आकडा किती आहे?"

"त्रेचाळीस," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

"तू पुश केलंस का कधी?"

"कमिट केलंय की."

"कमिट नाही रे मामा. पुश."

"त्यात फरक काय?"

ती हसली नाही. हसली असती तर मी फोन आपटला असता. ती म्हणाली, "मामा, तू समजतोयस तशी वही एकच नाहीये. तुझ्याकडे अख्खी वही आहे, नसीमकडे अख्खी वही आहे, माझ्याकडेपण आहे. प्रत्येकाचा पक्का वेगळा. तू कमिट केलंस म्हणजे तुझ्या वहीत लिहिलंस. मर्ज केलंस तेही तुझ्याच वहीत. नेटशिवाय चालतं ते त्याचमुळे. पुश केलंस तर ते बाहेर जाणार, मग नसीम ते ओढून घेणार, मग तिच्या पक्क्यात दिसणार. हे त्रेचाळीस म्हणजे तुझ्या घरात अडकलेले बदल आहेत."

मी सात पोत्यांकडे बघितलं.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, कळलं."

खरंच म्हणालो असेन. मी सगळ्यांनाच म्हणतो, कळलं. म्हणजे पुढचं बोलणं बंद होतं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? शांत बसून पुढे काय करायचं ते ऐकलं असतं. मुक्ता सांगतही होती, "मामा, आता लगेच काही करू नकोस हं. आधी मला तुझ्या नोंदी बघू दे. त्या सगळ्या गोळा करून एकच नीट नोंद..."

पण माझा संताप आता त्या बाणावर होता. तीन आठवडे डोळ्यांसमोर बसून हा मला फसवत होता. वायफाय चालू केलं आणि 'पुश'वर हाणलं बोट. त्रेचाळीसचा आकडा झरझर गेला. "गेलं बघ," मी म्हणालो. "काही अवघड नव्हतं."

पलीकडे पुन्हा टकटक वाजलं.

"मामा," मुक्ता म्हणाली, "तू नोंदींमध्ये हे काय काय लिहिलंयस?"

आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारण मी सांगितलंच तुम्हाला, कच्च्या वहीत माणूस मनातलं लिहितो.

"ही बघ, 'मुक्ताचं ऐकलं नाही ते बरं झालं, कार्टीला दोन इयत्ता जास्त झाल्यात.' ही मीच ना?"

"ते सोड. हे पुसता येतं का?"

"नसीमनं अजून ओढून घेतलं नसेल तर येईल. घेतलं असेल तर तिच्या वहीत सगळं गेलं. तिथून मी कसं पुसू?"

मी पोती तशीच टाकली आणि स्कूटर काढली. फ्रीगंज ते भेरूगढ मी आयुष्यात इतक्या जोरात गेलो नाही. वाटेत प्रत्येक ई-रिक्षावाल्याला शिव्या घातल्या. देवाला एकच विनंती, त्या पोरीनं लॅपटॉप उघडलेला नसू दे.

कारखान्यात शिरलो तर युसुफभाई लाकडी तख्तपोसावर बसलेले, आणि शेजारी नसीम. मांडीवर लॅपटॉप, उघडा. सकाळी मी आळ घेतल्यापासून बिचारी दर पाच मिनिटांनी तपासत बसली होती, आपलं खरंच काही चुकलं का ते.

"आओ भाऊ," युसुफभाई म्हणाले. "बैठो. बिटिया पढ़ रही है. पहला हो गया, दूसरा चल रहा है."

"युसुफभाई, चूक माझी होती. मी पाठवलंच नव्हतं. नसीम, बेटा, तुझा काही..."

"वो समझ में आ गया," ते म्हणाले. "लाल सब आ गया. उसके साथ जो आया है, वो भी सुन लें. बैठो."

बसलो. काय करणार?

नसीम मराठी वाचते, अक्षरं तीच, पण अर्थ कुठे कुठे अडतो. ती शाळेतला धडा वाचावा तशी वाचत होती. "'आकडे मोठे लिहिले, कारण म्हातारा चष्मा लावत नाही.' अंकल, म्हातारा मतलब?"

"म्हातारा म्हणजे..." मी घसा साफ केला. "बुज़ुर्ग."

"इज़्ज़त से बोलते हैं?"

"हो. तसंच काहीसं."

युसुफभाईंनी शांतपणे खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला. "आगे."

"'निळा विचारल्याशिवाय गडद करू नये हे सत्तावीस वर्षं सांगतोय, भिंतीला सांगितलं असतं तर ऐकलं असतं.'"

"ये समझ गया," युसुफभाई म्हणाले. "दीवार. आगे."

"'सासूबाई शंभर वर्षं जगोत, पण माझ्या ऑर्डरीपासून लांब जगोत.'"

या नोंदीला तरी ते हसले. मला जरा धीर आला. मग भाभी चहा घेऊन आल्या. युसुफभाईंच्या बेगम. कप ठेवताना त्यांच्या मनगटावर, सुई टोचतात तिथे, चिकटपट्टीचा पांढरा डाग दिसला. बारीक झाल्या होत्या. मी बघितलं आणि चहाचा घोट घेतला.

नसीम पुढे वाचत होती. एकतिसावी, बत्तिसावी. युसुफभाई उशीर करतात. युसुफभाईंना हिशेबाचं भान नाही, भान आहे फक्त चहाचं. माझ्या हातात त्यांचाच चहा. मग ती एका नोंदीवर थांबली. वाचू की नको, अशी. 

"पढ़," युसुफभाई म्हणाले.

"'छपाई दोन दिवस पुढे ढकलली. भाभी दवाखान्यात. बघायला जायचं.'"

 तीन आठवड्यांत एकच निरोप नसीमनं मला फोनवर पाठवला होता, अम्मी भरती आहेत, दोन दिवस काम बंद. मी तो वाचला, लॅपटॉप उघडला, तारीख बदलली, कारण लिहिलं, कमिट केलं. दवाखाना देवास गेटपाशी होता. दुकानातून स्कूटरवर सात मिनिटं.

"दीवार बोला, चलेगा," युसुफभाई म्हणाले. "बुज़ुर्ग तो हूँ ही. लेकिन ये लिखा था, तो आए क्यों नहीं, भाऊ?"

 खरं कारण इतकं लाजिरवाणं होतं की तोंडातून निघेना. पण तिथे आता झाकायला राहिलंच काय होतं? म्हणालो, "लिहिलं, तेव्हा वाटलं की झालं."

भाभी रिकामा कप उचलता उचलता म्हणाल्या, "और मैं आठ दिन सोचती रही, फ्रीगंजवाले भाऊ को किसी ने बताया नहीं होगा."

मी राग करत आलो होतो सकाळपासून. पोरीवर, दाढीवाल्यावर, बाणावर, भाचीवर. त्या बाईंच्या बोलण्यात रागाचा टिपूस नव्हता. त्यामुळे माझा सगळा राग फिरून परत आला आणि बरोबर पत्त्यावर पोचला.

मी उठलो. नसीमसमोर हात जोडले, ज्या वीस माणसांसमोर सकाळी तिच्यावर आळ घेतला होता त्यांना हाक मारून बोलावलं आणि त्यांच्यासमोर जोडले. म्हणालो, ही फक्त वाचत होती, आणि बरोबर वाचत होती. घोळ माझा.

युसुफभाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "उद्घाटन कब है?"

"दहा दिवस."

"कपड़ा?"

"दुकानात आहे. नवे तागे."

"तो लाल पहले भिगोना पड़ेगा, आज ही. ठप्पे कहाँ हैं?"

"दुकानाच्या दारात. पोत्यात."

"तो यहाँ बैठ के चाय क्या पी रहे हो?"

सात पोती त्याच दिवशी परत गेली. युसुफभाईंनी फळीवर ठेवताना एकेक ठप्पा पुन्हा पुसला. नव्या चादरी नवव्या दिवशी देवास गेटच्या बसस्टँडवरून भोपाळच्या बसमध्ये चढल्या. सासूबाईंचा फोन आला, म्हणाल्या, छान आहे, पण कैरी थोडी मोठी चालली असती. काळ्या किनारीच्या एकशेवीस अजून माझ्या माळ्यावर आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा.

मुक्ता म्हणाली होती, आता मिळून त्या नोंदी पुसून टाकू, सगळ्यांच्या वहीतून निघतील. मी नसीमला विचारलं. ती म्हणाली, "रहने दो अंकल. अब्बू को रोज एक सुनाती हूँ, हँसते हैं." म्हणजे आज भेरूगढच्या त्या कारखान्यात मी चहाबरोबर रोज एक असा वाचला जातो. दुपारी चारच्या सुमाराला माझे कान तापतात, ते त्यामुळेच.

तुम्ही लॅपटॉपात ठेवा, लाल कापडी वहीत ठेवा, नाहीतर फोनमध्ये, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. फक्त एवढं माझ्यासाठी करा. नोंद खरी ठेवा. जे केलं ते 'केलं' म्हणून लिहा, आणि जे अजून करायचंय त्याच्यापुढे जागा मोकळी सोडा. मोकळी जागा दिसली की माणूस निदान स्कूटर तरी काढतो.